दुसऱ्याच्या मेमरीत लिहिताना: प्रस्तावना

लिनक्स कर्नलच्या एका फायलीतून अधिकचं एक चिन्ह चार वर्षं बेपत्ता होतं. आरडीएमए जाळ्यावरून दूरच्या यंत्रावरच्या फायली आणणारा जो क्लायंट आहे, त्याची ही फाइल. तिच्यातल्या एका छोट्या फंक्शनचं काम एवढंच, की पाठवायच्या निरोपाच्या हेडरला जास्तीत जास्त किती बाइट लागतील ते मोजून द्यायचं. आधी हेडरचा ठरलेला भाग धरला: २८ बाइट. पुढच्या ओळीत यादीचे बाइट त्यात मिळवायचे होते. तिथे += हवं होतं, पडलं नुसतं =. आधीचे २८ पुसले गेले आणि बेरीज तिथून नव्यानं सुरू झाली. शेजारच्या जोडीदार फंक्शनमध्येही तीच गत.

हा कोड २०१६ मध्ये ४.७ या आवृत्तीत आला. गंमत म्हणजे ज्या पॅचमधून तो आला, त्याचा हेतूच बफर ओसंडू नये हा होता. २०२० च्या पावसाळ्यात ५.८ आवृत्ती तयार होत असताना कॉव्हेरिटी नावाच्या कोड-तपासनीस प्रोग्रॅमनं तिथे बोट ठेवलं: इथे ठेवलेली किंमत कुणी वापरतच नाही. दोन ओळींत एकेक अधिकचं चिन्ह घातलं गेलं आणि विषय संपला. संपला म्हणावं तर २०२२ मध्ये त्याच चुकीला सुरक्षा-दोषांच्या जागतिक यादीत क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०२२-०८१२. साध्या वापरकर्त्याला कर्नलच्या मेमरीतला मजकूर त्यातून मिळवता येऊ शकतो, असं कारण देऊन.

कंपायलरनं हूं की चूं केलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ओळ शुद्ध होती. फायली येत-जात होत्या, चाचण्या पास होत होत्या. वाचणारी माणसंही या विषयातली मुरलेली. तरी ती ओळ सगळ्यांच्या नजरेखालून गेली, कारण आपण ओळ वाचत नाही, ओळीचा हेतू वाचतो. 'हेडर मोजतायत' हे कळलं की डोळा पुढे सरकतो. कर्नलमधल्या एका कोपऱ्याचा कोड सावकाश, संशयानं आणि तरीही सभ्यपणे कसा वाचायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

कोपरा कोणता, ते आधी सांगतो. एनएफएस ही जुनी चीज. सन मायक्रोसिस्टिम्सनं ती १९८४ च्या सुमाराला बांधली. फाइल दुसऱ्या यंत्रावर असली तरी प्रोग्रॅमला ती आपल्याच डिस्कवर असल्यासारखी दिसावी, ही कल्पना. प्रोग्रॅम नेहमीसारखा उघडतो, वाचतो, लिहितो. आत कर्नल त्या प्रत्येक मागणीचा निरोप बनवून सर्व्हरकडे धाडतो आणि उत्तराची वाट बघतो. या निरोपाला आरपीसी म्हणतात. प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आरएफसी १०९४ या दस्तऐवजाच्या रूपानं छापली गेली, तिसरी १९९५ मध्ये, चौथी २००० मध्ये, ४.२ आली २०१६ ला. कॉलेजच्या लॅबमध्ये कुठल्याही संगणकावर लॉगिन केलं तरी आपलीच होम डिरेक्टरी समोर येते, हे ज्यानं अनुभवलंय त्यानं बहुधा नकळत एनएफएस वापरलेलं असतं.

आरडीएमए त्यामानानं तरुण. साध्या टीसीपीच्या वाटेनं डेटा येतो तेव्हा नेटवर्क कार्ड तो कर्नलच्या बफरमध्ये टाकतं, कर्नल हेडर सोलतो, क्रम लावतो आणि मग डेटा हव्या त्या पानात कॉपी करतो. जाळं सेकंदाला एक गिगाबिटचं असताना ही कॉपी कुणाला जाणवत नव्हती. शंभर गिगाबिटच्या जाळ्यावर मात्र तारेपेक्षा कॉपीच महाग पडते. प्रोसेसर नुसता हमाली करत राहतो. आरडीएमएमध्ये ही हमाली कार्डाकडे जाते. समोरच्या यंत्राचं कार्ड आपल्या यंत्राच्या मेमरीत, आधी ठरवून दिलेल्या जागी, थेट लिहितं किंवा तिथून थेट वाचतं. प्रोसेसरला पत्ताही नसतो. आरडीएमए चालवणाऱ्या इन्फिनिबँड जाळ्यावाल्या कंपन्यांची संघटना १९९९ मध्ये जमली; तेच तंत्र साध्या इथरनेटवर आणणारं आरओसीई २०१० मध्ये आलं, आणि टीसीपीवर चालणारं आयवॉर्प त्याआधी २००७ मध्ये. लिनक्समध्ये एनएफएसचा आरडीएमए क्लायंट २.६.२४ मध्ये शिरला, सर्व्हर लगेचच्या २.६.२५ मध्ये, दोन्ही २००८ सालचे. प्रोटोकॉलचा मसुदा २०१० मध्ये आरएफसी ५६६६ म्हणून पक्का झाला आणि सात वर्षांच्या अनुभवानंतर आरएफसी ८१६६ नं त्याची जागा घेतली. टॉम टाल्पी हे दोन्ही मसुद्यांचे एक लेखक; दुसऱ्याचे मुख्य लेखक चक लिव्हर. लिनक्समधला एनएफएस सर्व्हर आज चक लिव्हर आणि जेफ लेटन सांभाळतात, क्लायंट ट्रॉण्ड मिकलबस्ट आणि अ‍ॅना शूमेकर. ही नावं वाचकाच्या नजरेखालून पुढे वारंवार जातील, कारण बदलांच्या इतिहासात ती पानोपानी आहेत.

आता माझं म्हणणं. टीसीपीच्या वाटेवर कर्नल प्रत्येक बाइटला हात लावतो. तो वेळखाऊ असेल, पण पहारेकरीही तोच असतो. बाहेरून काहीही आलं तरी कोणत्या पानात जायचं ते शेवटच्या क्षणी कर्नल ठरवतो. आरडीएमएनं हा पहारेकरी वाटेवरून उठवला. वेग त्यामुळेच मिळाला. पहाऱ्याचं काम मात्र कुठे गेलं नाही; ते कोड चालण्याच्या वेळेतून कोड लिहिण्याच्या आणि वाचण्याच्या वेळेत सरकलं. म्हणून या कोपऱ्यातला पॅच वाचताना 'हा कोड काय करतो' हा प्रश्न दुय्यम. पहिला प्रश्न असा: या क्षणी ही मेमरी कोणाची आहे, आणि कधीपर्यंत?

मुंबईकराचं अलिबागजवळ घर असतं. रंगकाम काढलं की तो रंगाऱ्याला किल्ली देतो आणि स्वतः मुंबईत राहतो. रंगारी आपल्या सोयीनं येतो-जातो. मालकाला दर खेपेला दार उघडायला यावं लागत नाही, सोय तीच आहे. पण शनिवारी घर पाहुण्यांना द्यायचं असेल, तर त्याआधी किल्ली हातात आलेली हवी. रंगाऱ्यानं 'काम झालं' असा फोन केला, एवढ्यावर भागत नाही. फोन येणं वेगळं, किल्ली येणं वेगळं. एनएफएसच्या आरडीएमए कोडमधले कित्येक गंभीर बग फोनला किल्ली समजल्यामुळे होतात.

नेमकं कसं, ते एका साध्या वाचनाच्या मागणीवरून पाहू. प्रोग्रॅमला फाइलचा एक तुकडा हवा आहे. क्लायंट आधी रिकामी पानं घेतो, ती कार्डाच्या हवाली करण्याजोगी मॅप करतो आणि कार्डाकडे त्यांची नोंदणी करतो. नोंदणीतून बत्तीस बिटांचा एक आकडा मिळतो. त्याला हँडल म्हणू. हीच किल्ली. मग क्लायंट निरोप पाठवतो: अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून इतके बाइट, आणि उत्तर ठेवायची जागा ही, हँडल, लांबी आणि चौसष्ट बिटांचा ऑफसेट. सर्व्हर फाइल वाचतो, स्वतःच्या कार्डाला सांगून तो मजकूर क्लायंटच्या पानांत थेट लिहितो आणि शेवटी 'झालं' असं छोटं उत्तर पाठवतो. प्रोग्रॅम फाइल लिहीत असेल तर उलट: क्लायंट किल्ली देतो आणि सर्व्हर त्याच्या मेमरीतून मजकूर ओढून घेतो. दोन्ही वेळा किल्ली क्लायंटच्या मेमरीची, आणि हात सर्व्हरचा. सर्व्हर आपली मेमरी कधीच उघडी टाकत नाही. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे; एका सर्व्हरला शेकडो क्लायंट असतात आणि त्यातला कोणता बिघडलेला निघेल याची खात्री कोण देणार?

उत्तर आलं की क्लायंटनं काय करायचं? घाई अशी असते, की वाट बघणाऱ्या प्रोग्रॅमला लगेच उठवावं. मजकूर तर पानांत येऊन पडलाय. पण हँडल अजून जिवंत आहे. प्रोग्रॅम उठला, त्यानं पान मोकळं केलं, कर्नलनं तेच पान दुसऱ्या कुणाला दिलं, आणि सर्व्हर, चुकून किंवा मुद्दाम, त्याच हँडलवर पुन्हा लिहिता झाला, तर? तिसऱ्याच प्रोग्रॅमच्या मेमरीत परका मजकूर. कुठलाही इशारा नाही, लॉगमध्ये ओळ नाही; आठ दिवसांनी भलत्याच ठिकाणी काहीतरी कोसळतं. म्हणून नियम: आधी हँडल रद्द, रद्द झाल्याची पोच, मॅपिंग सोडवणं, आणि त्यानंतरच प्रोग्रॅमला जाग. रद्द करायला वेळ लागतो हे खरं. तो वाचवण्यासाठी सर्व्हरला उत्तर पाठवतानाच हँडल रद्द करण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे. पण एका मागणीत अनेक हँडल असू शकतात आणि सर्व्हर त्यातलं एकच रद्द करतो. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न परीक्षकानं दर वेळी विचारायचा. विचारून कंटाळा आला तरी विचारायचा.

आणि माणूस मध्येच कंट्रोल-सी दाबतो. मागणी वाटेत आहे, सर्व्हर लिहितोय, आणि इकडे प्रोग्रॅम मरायला निघालाय. आता उत्तराची वाट न बघता हँडल रद्द करावं लागतं. सर्व्हर नंतर लिहायला गेला तर कार्ड त्याला अडवतं आणि जोडणी तुटते. नवशिक्याला वाटतं, जोडणी तुटली म्हणजे बग. या कोडमध्ये उलट आहे. जोडणी तुटली तर ती पुन्हा जोडता येते. परक्याच्या पानात लिहिलं गेलेलं परत घेता येत नाही. पॅचची पारख करताना दोन वाईट पर्यायांतला कोणता बरा, हे ठाऊक असावं लागतं आणि ते कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

जोडणी तुटण्याबद्दल आम्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल टॉवर बंद पडले, कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार. अशा वेळी एनएफएसचा क्लायंट काय करतो? नेहमीच्या 'हार्ड' माउंटमध्ये तो थांबतो. तास, दिवस, कितीही. सर्व्हर परत आला की तीच मागणी पुन्हा पाठवतो. इथे नवा पेच: पहिली मागणी सर्व्हरपर्यंत पोचली होती की नाही? 'फाइल वाच' दोनदा झालं तर बिघडत नाही. 'या फाइलचं नाव बदल' दोनदा झालं तर दुसऱ्या वेळी सर्व्हर म्हणतो, अशी फाइलच नाही. काम झालेलं असूनही प्रोग्रॅमच्या पदरी चूक. म्हणून सर्व्हर अलीकडची उत्तरं जपून ठेवतो आणि ओळखीची मागणी पुन्हा आली तर जुनंच उत्तर देतो. ४.१ आवृत्तीनं सेशन आणून ही व्यवस्था नीटनेटकी केली. आरडीएमएची जोडणी तुटली की जुनी सगळी हँडल निकामी होतात आणि पुन्हा पाठवताना प्रत्येक मागणीची नोंदणी नव्यानं करावी लागते. पुनर्जोडणीचा कोड फार क्वचित चालतो, म्हणून तिथे बग सगळ्यात जास्त काळ टिकतात. पॅचमध्ये ती वाट असेल तर मी दुसरं काही वाचण्याआधी ती वाचतो.

आणखी एक जागा जवळून दाखवतो. आरडीएमएमध्ये निरोप येण्याआधी तो ठेवायला बफर मांडलेला असावाच लागतो. नसेल तर निरोप रांगेत थांबत नाही, जोडणीच धोक्यात येते. म्हणून क्लायंट आणि सर्व्हर क्रेडिटचा हिशेब ठेवतात: सर्व्हर प्रत्येक उत्तरात सांगतो, तुझ्या एवढ्या मागण्या एका वेळी चालतील. समजा सर्व्हरनं शून्य लिहिलं. मग क्लायंट पुढची मागणी पाठवू शकत नाही. मागणी नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून नवं क्रेडिट नाही. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार. लिनक्सच्या क्लायंटमध्ये यावर एक ओळ आहे: क्रेडिट शून्य आलं तर एक समज. शेजारी दोन-तीन शब्दांची टीप, कोंडी होऊ नये म्हणून. दुसरी शाखा वरची मर्यादा घालते, कारण समोरचा भलताच मोठा आकडाही पाठवू शकतो. मला या तीन-चार ओळी फार आवडतात. बाहेरून आलेल्या कुठल्याही आकड्याला घरात घेण्याआधी त्याची दोन्ही टोकं तपासायची, हे परीक्षणातलं अर्धं शहाणपण त्यात आहे. यादीत किती तुकडे आहेत, तुकडा किती लांब आहे, चारच्या पटीत करण्यासाठी किती बाइटचं भरण घातलंय, हे सगळे आकडे परक्यानं लिहिलेले असतात. 'आमचा सर्व्हर असं पाठवत नाही' हे उत्तर चालत नाही. तुमचा नसेल पाठवत.

लहानसहान सवयी पुस्तकात सविस्तर आहेत. इथे धावती नोंद पुरे. पान ४०९६ बाइटचंच असतं असं धरू नये, चौसष्ट केबीची पानं वापरणारी यंत्रं आहेत. तारेवरचे आकडे मोठ्या टोकाकडून लिहिलेले असतात, आपल्या बहुतेक प्रोसेसरांवर लहान टोकाकडून. त्यांची गल्लत 'स्पार्स' हा तपासनीस प्रोग्रॅम पकडतो, पण प्रकार नीट जाहीर केलेले असतील तरच. कार्डाकडून पोच आल्यावर जे फंक्शन चालतं, त्यात झोपू नये, म्हणजे थांबावं लागेल असं कुठलंही काम तिथे करायचं नाही. लॉकच्या आणि मेमरीच्या चुका पकडणारी लॉकडेप, केसॅन ही साधनं चालू ठेवूनच चाचणी घ्यावी. शितावरून भाताची परीक्षा हा नियम इथे चालत नाही. शंभर वेळा फाइल नीट वाचली गेली यावरून एकशे एकाव्या वेळी कंट्रोल-सी दाबल्यावर काय होईल ते कळत नाही.

परीक्षण म्हणजे चुका काढणं, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. शाळेत तपासलेली वही लाल होऊन परत येते, तशी. कर्नलमध्ये 'रिव्ह्यूड-बाय' ही ओळ आपल्या नावानं लिहिणं म्हणजे काय, ते कर्नलच्याच दस्तऐवजात सांगितलंय: मी हा बदल तांत्रिक अंगानं तपासला, मला जे खटकलं ते लेखकाला कळवलं, त्याच्या उत्तरानं माझं समाधान झालं, आणि हा बदल आत जावा असं मला वाटतं. हमी नाही. पण जबाबदारी आहे, आणि ती नावानिशी कायमची इतिहासात राहते. याच्या शेजारी 'साइन्ड-ऑफ-बाय' असते. ती २००४ मध्ये आली, आयबीएमवर एससीओ कंपनीनं लिनक्सच्या कोडच्या मालकीवरून दावा लावल्यानंतरच्या वातावरणात. ती सांगते, हा कोड देण्याचा मला हक्क आहे. दोन ओळी, दोन वेगळ्या गोष्टी. नवशिके त्यांची सरमिसळ करतात.

माझ्या मते आपल्या मुलांना आड येतं ते तांत्रिक ज्ञान नाही, भीड आहे. सरांनी लिहिलं म्हणजे बरोबर असणार. मेंटेनरला मी कोण प्रश्न विचारणारा. आणि उलट टोकाला, एकदा भीड चेपली की मग तुसडेपणा. दोन्ही नको. 'हे चूक आहे' असं लिहिण्याऐवजी 'इथे सिग्नल आला तर हे हँडल कोण रद्द करतं, मला ओळ सापडली नाही' असं लिहावं. यात नम्रतेचं नाटक नाही. खरंच ती ओळ कुठेतरी असू शकते, आणि नसेल तर लेखकाला स्वतःच कळतं. पॅच लहान हवा, एका पॅचमध्ये एकच गोष्ट हवी, आणि वर्णनात 'काय बदललं' यापेक्षा 'का बदललं' हवं, ही मागणी हक्कानं करावी. वर्णन नीट नसेल तर कोड वाचायला सुरुवातच करू नये, असं मी सांगतो. काहींना हे कडक वाटतं.

हे सगळं रायगडच्या किनाऱ्यावर बसून लिहायचं कारण काय? एक कारण पनवेलला उभं आहे. जुलै २०२० मध्ये तिथे योट्टा कंपनीचं एनएम१ हे डेटा सेंटर सुरू झालं, ७,२०० रॅकांच्या क्षमतेचं. आणि २०२४ पासून एनव्हिडियाचे एच१०० प्रोसेसर तिथे हजारांच्या हिशेबानं येऊ लागले. असे प्रोसेसर एकेकटे कामाचे नसतात. ते झुंडीनं चालतात, आणि झुंडीला सतत डेटा भरवावा लागतो. जगभर अशा झुंडींच्या जाळ्यांत आरडीएमए हाच पाया आहे. पुण्यात याची सुरुवात आधीच झाली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या सीआरएल या प्रयोगशाळेतला 'एका' महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला, तो इन्फिनिबँडवरच जोडलेला होता. म्हणजे यंत्रं आपल्या दारात आहेत. त्यांच्या आतला कोड मात्र आपण क्वचितच वाचतो. विकत आणतो, चालवतो, बिघडला तर तक्रार नोंदवतो.

दुसरं कारण जुनं आहे आणि मला जास्त जवळचं वाटतं. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ पासून. त्याआधी नोंदी मुंबईत कुलाब्याला होत होत्या. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहानं सूक्ष्म मापनं बिघडणार, म्हणून काम अलिबागला हलवायचं ठरलं. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस. त्यांनी कुलाबा एका दिवसात बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्हींची तुलना केली, आणि मगच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडली. एकोणिसाव्या शतकापासूनची ती सलग मालिका आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, याच जिल्ह्यात. एनएफएसच्या आरडीएमए क्लायंटमध्येही मेमरीच्या नोंदणीची जुनी एफएमआर पद्धत आणि नवी एफआरडब्ल्यूआर पद्धत बरीच वर्षं शेजारी नांदल्या. नवीवर विश्वास बसल्यावर जुनी काढली गेली. मूस यांनी जे केलं त्याला आज आपण रिग्रेशन टेस्टिंग म्हणू. ज्यांच्या तालुक्यात हे घडलं, त्यांना ही शिस्त परकी वाटायचं कारण नाही.

तिसरं कारण लोणेरेचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथे १९८९ पासून आहे, आणि त्याच्याशी जोडलेली कॉलेजं राज्यभर. तिथल्या मुलांकडे इन्फिनिबँडचं कार्ड नसतं. घरी तर नसतंच. हा विषय म्हणजे बड्या लॅबवाल्यांचं काम, असं ती त्यामुळे धरून चालतात. खरी स्थिती वेगळी आहे. कर्नलमध्येच दोन सॉफ्टवेअर कार्डं आहेत: आरएक्सई, जे साध्या इथरनेटवर आरओसीईचं सोंग घेतं आणि २०१६ मध्ये ४.८ मध्ये आलं. आणि एसआयडब्ल्यू, जे टीसीपीवर आयवॉर्प चालवतं आणि २०१९ मध्ये ५.३ मध्ये आलं. वेग मिळणार नाही. पण नोंदणी, हँडल, क्रेडिट, जोडणी तुटणं, सगळं खरं. कोडची वाट तीच, बगही बरेचसे तेच. आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि दोन आभासी यंत्रं, इतकं पुरतं.

पुस्तकाबद्दल थोडं. यात सी भाषा शिकवलेली नाही. पॉइंटर म्हणजे काय हे ज्याला विचारावं लागतं त्यानं आधी ते शिकून यावं. तांत्रिक शब्द बोलण्यात येतात तसेच ठेवलेत. पॅच, बफर, लॉक, माउंट, मेंटेनर यांना संस्कृत वेश चढवला असता तर वाचकाला उद्या मूळ कोडसमोर बसल्यावर दोनदा भाषांतर करावं लागलं असतं. युक्तिवाद मात्र मराठीत आहे, आणि तो मुद्दाम. इंग्रजीत वाचताना समजल्यासारखं वाटतं आणि पुढे जाता येतं. मराठीत मित्राला समजावताना जिथे वाक्य अडतं तिथे आपल्याला कळलेलं नसतं. कर्नलबाहेरचे एनएफएस सर्व्हर या पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यातला एक, फ्रान्सच्या सीईए संस्थेत सुरू झालेला, चक्क 'गणेशा' नावाचा आहे. पेणच्या मूर्तींच्या जिल्ह्यात बसून त्याला वगळणं जिवावर आलं, पण त्याचा कोड वेगळ्या मुलखातला आहे. लस्टरसारख्या महासंगणकी फाइल सिस्टिमही नाहीत. पृष्ठसंख्या वाढली असती आणि पहिला प्रश्न, मेमरी कोणाची, मागे पडला असता.

वाचायचा क्रम शक्य तर असा ठेवावा. आधी आरएफसी ८१६६, निदान तुकड्यांच्या याद्या आणि क्रेडिटची कलमं. मग दोन आभासी यंत्रांवर एसआयडब्ल्यू चढवून, २००४९ या पोर्टवर एक माउंट करून, एक फाइल वाचून बघावी. त्यानंतर कर्नलच्या नेट डिरेक्टरीतल्या सनआरपीसीखालची एक्सपीआरटीआरडीएमए ही डिरेक्टरी उघडावी. क्लायंटचा कोड आधी, सर्व्हरचा नंतर. पहिल्या प्रकरणात सुरुवातीचं ते हेडर मोजणारं फंक्शन २०१६ मध्ये जसं होतं तसं, चुकीसकट, छापलंय. चूक कुठे आहे हे आता वाचकाला ठाऊक झालंय, त्यामुळे ती शोधायचा प्रश्न नाही. तिथे विचारलंय ते एवढंच: ही ओळ तुमच्याकडे परीक्षणाला आली असती, तर लेखकाला तुम्ही कोणता प्रश्न विचारला असता?